काम तेच, नाव वेगळे: अमेरिकेतील वंश, लिंग आणि वेतनातील विषमता

अमेरिकेत वर्षभर पूर्णवेळ काम करणाऱ्या पुरुषाने एक डॉलर कमावला, तर स्त्रीच्या हाती सुमारे ८३ सेंट येतात. हा २०२३ सालचा, तिथल्या जनगणना विभागाचा आकडा आहे. समान वेतनाचा कायदा १९६३ साली झाला, तेव्हा तो ५९ सेंटच्या आसपास होता. साठ वर्षांत चोवीस सेंट, एवढीच वाटचाल. याच आकड्याची वंशानुसार फोड केली की चित्र आणखी बदलते. गोऱ्या पुरुषाच्या एका डॉलरमागे कृष्णवर्णीय स्त्रीला सुमारे ६६ सेंट आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रीला सुमारे ५८ सेंट मिळतात. आशियाई वंशाच्या स्त्रीचा आकडा नव्वदच्या वर आहे, आणि तो पाहून आपल्याकडे काही जण खूश होतात. पण त्या एका रकान्यात संगणक अभियंता आहे आणि नखे रंगवण्याच्या दुकानात दिवसभर वाकून बसणारी बाईही आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

आपल्या शिबिरांत आणि युवकांच्या ग्रुपवर हे आकडे नेहमी फिरतात. ते खरे आहेत. मात्र ते बऱ्याचदा असे वाचले जातात की एकाच टेबलावर बसून एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकीला सरळ तिसरा हिस्सा कमी दिला जातो. तसेही होते, पण या तफावतीचा मोठा भाग वेगळ्याच जागी आहे: कोण कोणत्या कामात आहे आणि त्या कामाची किंमत काय ठरवली आहे, यात. विषमता नाकारणारे इथेच बोट ठेवतात. "बायका कमी पगाराची कामे स्वतः निवडतात, त्याला कोण काय करणार?" हा प्रश्न मला महाविद्यालयांतल्या चर्चांमध्ये दर वेळी कोणीतरी विचारतोच. त्याचे उत्तर आकड्यांत सापडत नाही, इतिहासात सापडते. कामे वेगळी कोणी केली आणि ती स्वस्त कोणी ठेवली, हे पाहावे लागते.

अटलांटाच्या धोबिणी

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. दक्षिणेतल्या शहरांत कृष्णवर्णीय स्त्रियांना मजुरीची कामे मिळाली ती मुख्यतः तीनच: गोऱ्यांच्या घरात स्वयंपाक, त्यांची मुले सांभाळणे आणि त्यांचे कपडे धुणे. यातले धुणे त्यातल्या त्यात बरे मानले जाई, कारण कपडे आपल्या वस्तीत आणून धुता येत आणि मालकिणीची नजर सतत अंगावर नसे. जुलै १८८१ मध्ये अटलांटा शहरात वीस धोबिणींनी मिळून संघटना काढली. मागणी होती बारा पौंड कपड्यांमागे एक डॉलर. त्या घरोघर आणि चर्चमधून फिरल्या, आणि तीन आठवड्यांत त्यांची संख्या तीन हजारांपर्यंत गेली. काही बायकांना अटक झाली, दंड झाले. शहराच्या परिषदेत धोबीकामावर वर्षाला २५ डॉलर परवाना शुल्क लावण्याचा प्रस्ताव आला. बायकांनी उलट कळवले की परवान्याचे पैसे आम्ही भरतो, पण मग धुण्याचे दर आम्हीच ठरवू. या लढ्याचे वर्णन वाचताना आपल्याकडच्या वस्तीतल्या बायकांची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

हा लढा मुद्दाम आधी सांगितला. घरकाम करणाऱ्या स्त्रिया असंघटित असतात, त्यांना हक्कांची जाण नसते, म्हणून कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. अटलांटाच्या बायका संघटितही होत्या आणि त्यांना दरही कळत होता.

१९३८ चा कायदा आणि त्याच्या दाराबाहेरचे लोक

महामंदीच्या काळात अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कामगारांसाठी जे कायदे केले, त्यांवर आजची अमेरिकी कामगार व्यवस्था उभी आहे. १९३५ साली सामाजिक सुरक्षा कायदा आला, त्याच वर्षी संघटना करण्याच्या हक्काचा कायदा आला, आणि १९३८ साली किमान वेतन व कामाच्या तासांचा कायदा आला. ताशी २५ सेंट किमान वेतन आणि ठरलेल्या तासांच्या वर काम केले तर दीडपट मोबदला. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती.

पण या तिन्ही कायद्यांतून दोन प्रकारचे कामगार वगळले होते: शेतमजूर आणि घरकामगार. कायद्यात वंशाचा एक शब्दही नाही. तशी गरजच नव्हती. त्या वेळी नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया बहुतांश याच दोन कामांत होत्या, आणि एकूण कृष्णवर्णीय कामगारांपैकी सुमारे दोनतृतीयांश सामाजिक सुरक्षा कायद्याबाहेर राहिले. संसदेत दक्षिणेकडच्या गोऱ्या सदस्यांच्या मतांशिवाय विधेयके मंजूर होणे कठीण होते. शेतात राबणाऱ्या आणि घरात भांडी घासणाऱ्या काळ्या माणसाला गोऱ्याइतके किमान वेतन मिळावे, हे त्यांना मान्य नव्हते. फ्लोरिडाच्या एका प्रतिनिधीने सभागृहातच तसे उघड बोलून दाखवले. काही अभ्यासक म्हणतात की घराघरातून वर्गणी गोळा करणे अवघड होते, हेही वगळण्यामागचे एक कारण होते. ते असेलही. पण ज्या राज्यांना स्वस्त मजूर हवे होते त्यांनाच नेमके ते मिळाले, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

ही दारे उघडायला किती वेळ लागला? काही शेतमजुरांना किमान वेतन १९६६ च्या दुरुस्तीने मिळाले. जादा तासांच्या दीडपट मोबदल्याचा केंद्रीय हक्क त्यांना आजही नाही. घरकामगारांना किमान वेतन १९७४ साली मिळाले. मधल्या काळात अटलांटातच, १९६८ साली, डोरोथी बोल्डन या स्वतः घरकाम करणाऱ्या स्त्रीने घरकामगारांची राष्ट्रीय संघटना उभारली होती. १८८१ च्या बायकांच्या पणत्या म्हणाव्यात अशा त्या.

आता १९६३ च्या समान वेतन कायद्याकडे येऊ. जगभर त्याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण हा कायदा स्वतंत्र नव्हता. तो १९३८ च्या कायद्यात केलेली दुरुस्ती होता. त्यामुळे मूळ कायद्यातून जे वगळलेले होते, ते समान वेतनातूनही वगळले गेले. शिवाय तुलना फक्त समान कामाची: कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती सारखी असेल तरच वेतन सारखे. गोऱ्या घरात एकटीच राबणारी बाई स्वतःची तुलना कोणत्या पुरुषाशी करणार? तिच्या शेजारच्या टेबलावर कोणी बसलेलाच नसतो.

'गुणवत्ता' आणि 'ज्येष्ठता'

विशेषाधिकार म्हणजे कोणीतरी मुद्दाम केलेला अन्याय, असे समजले की वाद लगेच व्यक्तीवर येतो: "मी तर कधी भेदभाव केला नाही." विशेषाधिकार नियमांतून कसा चालतो ते पाहायचे असेल, तर अमेरिकेतले दोन खटले आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजेत.

पहिला ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर, १९७१. नॉर्थ कॅरोलायनातील या वीज कंपनीच्या केंद्रात पाच विभाग होते. कृष्णवर्णीयांना फक्त 'मजूर' विभागात घेत. त्या विभागातल्या सर्वांत वरच्या पदाचा पगार इतर चार विभागांतल्या सर्वांत खालच्या पदापेक्षा कमी होता. नोकरीत वंशभेदाला मनाई करणारी तरतूद २ जुलै १९६५ रोजी लागू झाली आणि कंपनीने त्याच दिवसापासून नवा नियम आणला: चांगल्या विभागात नव्याने यायचे तर हायस्कूलचे प्रमाणपत्र पाहिजे आणि दोन लेखी चाचण्या उत्तीर्ण व्हायला पाहिजेत. नियम सर्वांना सारखा. पण १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष ३४ टक्के होते आणि कृष्णवर्णीय पुरुष १२ टक्के, कारण त्यांना शाळाच वेगळ्या आणि निकृष्ट दिल्या होत्या. आणि गंमत अशी की प्रमाणपत्र नसलेले जुने गोरे कामगार त्याच विभागांत वर्षानुवर्षे व्यवस्थित काम करत होते. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कंपनीच्या विरोधात निकाल दिला: चाचणीचा कामाशी संबंध दाखवता येत नसेल, तर हेतू चांगला असला तरी ती चालणार नाही. आपल्याकडे आरक्षणाच्या चर्चेत 'मेरिट' हा शब्द ज्या थाटात टाकला जातो, त्या वेळी या वीज केंद्राची आठवण करून द्यावी.

दुसरा खटला डीग्राफेनरीड विरुद्ध जनरल मोटर्स, १९७६. सेंट लुईसच्या कारखान्यातील पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी तो लावला. १९६४ च्या आधी कंपनीने तिथे कृष्णवर्णीय स्त्रियांना जवळपास घेतलेच नव्हते, भरती झाली ती १९७० नंतर. मग मंदी आली आणि कामगार कपात ज्येष्ठतेनुसार झाली. शेवटी आलेला आधी जाणार. १९७० नंतर आलेल्या या सगळ्या बायका बाहेर पडल्या. त्यांचे म्हणणे साधे होते: आम्हाला आधी घेतलेच नाही म्हणून आम्ही कनिष्ठ, आणि कनिष्ठ म्हणून आता बाहेर. न्यायालयाने काय म्हटले? कंपनीने स्त्रियांना पूर्वीपासून घेतले आहे, म्हणून लिंगभेद नाही. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या, कार्यालयात बसणाऱ्या, हा भाग वेगळा. वंशभेदाची तक्रार असेल तर ती त्याच कंपनीवर चालू असलेल्या दुसऱ्या वंशभेदाच्या खटल्यात जोडा. पण 'कृष्णवर्णीय स्त्री' असा वेगळा गट धरून दोन्ही भेदांची बेरीज करता येणार नाही.

या निकालावर किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासिकेने १९८९ मध्ये निबंध लिहिला आणि 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द दिला. चौकात उभ्या असलेल्या माणसाला कोणत्याही रस्त्याने येणारी गाडी धडकू शकते, कधी दोन्हीकडून एकदम. कोणत्या गाडीने आधी धडक दिली हे सिद्ध होईपर्यंत रुग्णवाहिकाच बोलवायची नाही, असे न्यायालय म्हणत होते. त्याच १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध झाले, आणि आंबेडकरी चळवळीतील स्त्रिया दलित पुरुषांच्याही आणि सवर्ण स्त्रियांच्याही इतिहासातून कशा गळाल्या, हे मराठीत नोंदले गेले. शब्द अमेरिकेतून आला असेल. अनुभव आयात करावा लागला नाही.

याच काळात, १९८८ मध्ये, पेगी मॅकिंटॉश या गोऱ्या प्राध्यापिकेने गोरेपणामुळे आपल्याला रोज नकळत काय काय मिळते याची यादी केली. ती आज कॉर्पोरेट प्रशिक्षणांत वाटली जाते. यादी प्रामाणिक आहे, पण तिचे पुढे जे झाले ते मला फारसे पटत नाही. कर्मचारी अर्धा दिवस बसून आपापले विशेषाधिकार मोजतात, कोणी डोळे पुसते, आणि सोमवारी पगारपत्रक तसेच्या तसे असते. ज्याला पगाराची तफावत मोजायची आहे त्याने आधी पगार उघड करायला सांगावे. लिली लेडबेटर ही गोरी स्त्री अलाबामातील गुडइयर टायरच्या कारखान्यात १९ वर्षे काम करत होती. कोणीतरी तिच्यासाठी एक निनावी चिठ्ठी ठेवली, तेव्हा कुठे तिला कळले की महिन्याला तिला ३,७२७ डॉलर मिळतात आणि तेच काम करणाऱ्या सर्वांत कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले की तक्रारीला उशीर झाला. २००९ मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला आणि मुदतीची ती अट बदलली.

'सोबतीण' म्हणजे कामगार नव्हे

१९७४ साली घरकामगार कायद्यात आले, असे वर म्हटले. तिथेही एक फट ठेवली होती. वृद्ध किंवा आजारी माणसाला 'सोबत' देणारी व्यक्ती कामगार धरायची नाही. कल्पना अशी की शेजारची बाई आजोबांजवळ तासभर बसते, तिला कशाला किमान वेतन? प्रत्यक्षात या शब्दाखाली लाखो स्त्रिया आल्या, मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित. एजन्सीकडून पाठवल्या जाणाऱ्या, रुग्णाला उचलणाऱ्या, अंघोळ घालणाऱ्या, रात्र रात्र जागणाऱ्या. जमैकातून आलेल्या एव्हलिन कोक यांनी न्यूयॉर्कजवळ वीस वर्षांहून अधिक काळ हे काम केले आणि जादा तासांच्या मोबदल्यासाठी दावा लावला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या विरोधात निकाल दिला. २००९ मध्ये त्या वारल्या. एजन्सीमार्फत काम करणाऱ्या या स्त्रियांना किमान वेतन आणि जादा तासांचा मोबदला देणारा नियम २०१५ मध्ये लागू झाला.

एका शब्दाने चाळीस वर्षे मजुरी अडवून धरली. या शब्दापाशी आपण थांबले पाहिजे, कारण असे शब्द आपल्याकडेही आहेत.

आपल्याकडचे दुवे

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. मजूरमंत्री म्हणून त्यांनी वेतनाबाबत काय केले, याची चर्चा मात्र कमी होते. युद्धकाळात, १९४३ मध्ये, कोळसा खाणीत स्त्रियांना जमिनीखाली काम करायला असलेली बंदी उठवली गेली. अखिल भारतीय महिला परिषदेने त्याला विरोध केला आणि तो विरोध रास्त होता. १९४४ मध्ये विधिमंडळात सरकारची बाजू मांडताना बाबासाहेबांनी त्यात एक गोष्ट ठामपणे नोंदवली: या खाणींत स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन दिले जाईल, आणि स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान वेतन हे तत्त्व इथे प्रथमच मान्य होत आहे. युद्धानंतर बंदी पुन्हा आली.

एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतन विधेयक मांडले. ते १९४८ मध्ये कायदा झाले. या कायद्याची रचना अनुसूचीची होती: ज्या कामाचे नाव यादीत असे त्यालाच किमान वेतन. आणि इथे अमेरिकेशी तुलना करण्यासारखी आहे. अमेरिकेने १९३८ मध्ये शेती बाहेर ठेवली, आपल्या यादीत शेती सुरुवातीपासून होती. घरकाम मात्र नव्हते. कर्नाटक, केरळसारख्या राज्यांनी ते पुढे आपापल्या यादीत घातले. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण ते नावाप्रमाणे कल्याणाचे मंडळ आहे. दर ठरवणे आणि कल्याण करणे यांत फरक आहे, आणि तो फरक धुणीभांडी करणाऱ्या कोणत्याही ताईला विचारला तर ती एका वाक्यात सांगते. समान वेतनाचा आपला कायदा १९७६ चा. २०१९ च्या वेतन संहितेत तो सामावून घेतला आहे. त्यातली तुलनाही 'तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम' अशीच आहे.

जातीचे काम पाहू. नावावरून नोकरी ठरते का, हे तपासायला अमेरिकेत बोस्टन आणि शिकागोत सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले गेले. सारखीच पात्रता असताना गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ५० टक्के जास्त बोलावणी आली. तो अभ्यास २००४ चा. त्याच पद्धतीने सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांना अर्ज पाठवले आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: दलित आडनावाच्या उमेदवाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत सुमारे दोनतृतीयांश, मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. जे आत जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी ठेवलेले काम आपल्याला माहीत आहे. मुंबई महानगरपालिकेत तोच कचरा, तीच गाडी, तोच मुकादम, पण एक कामगार कायम आणि दुसरा कंत्राटी. कचरा वाहतूक श्रमिक संघाने दीर्घ लढा दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच्या आधी, २०१६ मध्ये, पंजाबच्या जगजीत सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व लागू केले होते. कंत्राटी कामगारांसोबत काम करणाऱ्यांनी हा निकाल जवळ ठेवावा.

आणि आता शब्द. गावात बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी आशा ही सरकारी कागदावर 'स्वयंसेविका' आहे. अंगणवाडीत मुलांना खाऊ घालणारी 'सेविका' आणि तिची 'मदतनीस'. या सगळ्या स्त्रिया आहेत. यांना मिळते ते वेतन नाही, 'मानधन' आहे. वेतन म्हटले की किमान वेतन, रजा, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी हे सगळे मागोमाग येते. मानधन म्हटले की मान येतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले. त्या खटल्यातही दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद हाच होता की हे पद मानद आहे, मिळते ते मानधन आहे, म्हणून ती रक्कम कायद्यातले वेतन ठरत नाही.

घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये १८९ क्रमांकाचा करार केला. अमेरिकेने त्याला अजून मान्यता दिलेली नाही आणि भारतानेही नाही. आपल्या भागातल्या घरकामगार, सफाई कामगार किंवा आशाताईंबरोबर बैठक घेणार असाल, तर विशेषाधिकारावरच्या व्याख्यानाआधी तीन कागद मागून घ्या: नेमणुकीचे पत्र, मागच्या महिन्याची पगाराची पावती आणि त्याच कामावरच्या कायम कर्मचाऱ्याची पावती. पहिल्या कागदावर पदाचे नाव काय लिहिले आहे ते आधी वाचा. बऱ्याच जणींकडे पहिला कागदच नसतो, मग बैठक तिथूनच सुरू करावी लागते.